दूधवाल्याचे कांदेपोहे

मँचेस्टर, फेब्रुवारी १९८७

चि. यमूस अक्काचे आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? माझे या थंडीत माझ्याहून जास्त बोलतात. (घरात दुसरं बोलतंय कोण म्हणा! श्रीनिवास आणि सूनबाई सुलक्षणा दोघंही हॉस्पिटलात ड्यूटीवर. एक येतो तेव्हा दुसरी निघते.)

तर झालं काय, मागच्या महिन्यात वीणाबरोबर टीव्हीवर सिनेमा पाहिला. एक फॅक्टरीतली बाई, एक बसचा कंडक्टर. दोघं एकटे. तो तिच्याकडे बघतो, ती खिडकीबाहेर बघते. नाच नाही, गाणं नाही. शेवटी दोघं बाकावर जाऊन बसले आणि सिनेमा संपला! मी नातीला विचारलं, लग्न झालं का? "आय डोन्ट नो, आजी. तो फिल्म असाच असते." एवढ्या मोठ्या गावात त्यांना स्थळ सुचवायला एक माणूस मिळू नये? माझं डोकंच फिरलं.

कारण तसली दोन माणसं माझ्याच ओळखीची. एक फ्रँक, आमचा दूधवाला. बायको जाऊन वर्षं झाली. सकाळी बाटल्या घेऊन येतो, मी त्याला आत बसवून चहा देते. तो इंग्रजीत बोलतो, मी मराठीत, कुणाचं काही अडत नाही. दुसरी डोरीन, कोपऱ्यावरच्या लाँड्रीत मशिनी सांभाळते. आईचं करता करता लग्नाचं राहून गेलं. (घरी मशीन आहे गं. पण मी धुतलेलेच कपडे पिशवीत भरून तिच्याकडे नेते. तिथे ऊब असते.)

वीणाकडून दोघांना निरोप धाडला, रविवारी या. रीतसर कांदेपोहे केले. फ्रँक टाय लावून आला आणि आणलेली फुलं माझ्याच हातात! हसू नकोस. रोज चहा पाजणारी बाई आता सणासारखं बोलावतेय म्हणजे तीच नवरी, असा त्याचा हिशेब. "मेल्या, माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या," म्हणत मी फुलं डोरीनच्या मांडीवर टाकली. वीणानं तोंडावर उशी दाबली.

मग डोरीनच्या हातून फ्रँकला पोह्यांची बशी दिली. तो तिच्याकडे बघतो, ती खिडकीबाहेर. अगदी तो सिनेमाच! तेवढ्यात फ्रँकनं घेवड्याची शेंग समजून हिरवी मिरची अख्खी चावली. डोळ्यांना धारा. डोरीनला वाटलं, बायकोच्या आठवणीनं रडतोय बिचारा. तिनं रुमाल काढला, त्याचा हात धरला आणि आईच्या आठवणीनं स्वतःच रडायला लागली. मिरची उतरली तरी त्यानं हात काही सोडवून घेतला नाही. मी पाणी आणायला गेले ती स्वयंपाकघरातच उभी राहिले.

बाकी सगळं ठीक. तुझ्या मोहनला आशीर्वाद, त्याच्या बायकोला उरले तर.

तुझी अक्का

ता. क. दोघांचं लग्न मे महिन्यात ठरलंय. डोरीननं लाँड्री आत्ताच सोडली. तिच्या जागी आलेली पोरगी कानात वायर घालून बसते. फ्रँक दारातच बाटल्या ठेवून पळतो, त्याचा चहा आता डोरीनकडे होतो. छान झालं.

आणखी एक. पोहे संपलेत. जाडे हवेत. पार्सलनं पाठवू नकोस, चुरा होतो. तूच घेऊन ये. वरची खोली रिकामी आहे. परतीच्या तिकिटाची घाई करू नकोस.