आंब्याभोवतीची बांधी

आमगाव
६ जुलै २०२५

चि. लीलाधरला,
वच्छला वहिनीचा आशीर्वाद. इकडे आम्ही बरे, तिकडे तुम्ही सगळे बरे असाल. एवढी रीत झाली. खरं म्हणजे इकडे बरं काही नाही.

बारा वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता. पण मी फोनवर बोलायला लागले की नीतूला नेमकं त्याच खोलीत झाडायचं सुचतं. सून वाईट नाही, पण कान भारी तिखट. पाकिटाचं तोंड भाताच्या शितांनी चिकटवलं आहे. उघडलेलं दिसलं तर मला कळव.

आता कामाचं. अंगणातला आंबा वाळून राहिला आहे. तोच, तुझ्या बारशाला सासूबाईंनी लावलेला, म्हणजे तुझ्याएवढाच, छप्पन वर्षांचा. चुन्नीलालच्या बाजूच्या दोन मोठ्या फांद्यांना यंदा पालवीच फुटली नाही. बुंध्याला पेन्सिल जाईल एवढी भोकं पडली आहेत. खाली भुसा पडतो, आणि भोकांतून काळपट पाणी गळतं.

हे आपोआप होत नसतं. कोणीतरी करून राहिलं आहे, आणि कोण, तेही मला माहीत आहे.

चुन्नीलाल सायकलवाला! भिंतीला भिंत लागून आहे आणि मागच्या साली त्याने वर टिन टाकले. यंदा मला दोनदा म्हणाला, 'भाभी, तुमचा आंबा आमच्या डोक्यावर ढोल बजाता है.' तेही हसत. हसून म्हणाला तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग परवा मी शेतात धानाची रोवणी करून परत आले, तर झाडाच्या बुडाशी चिखलात सायकलचा एक स्पोक पडलेला. आपल्या घरात सायकल नाही. स्पोक काय पायाने चालत आला? त्याने भोकं पाडून आत हिंग भरला आहे. हिंगाने झाड मरतं हे लहान पोरही सांगेल. मी भोकाला नाक लावून वास घेतला. हिंगाचा आला नाही, पण या पावसात वास टिकतो थोडाच!

उमेंद्र म्हणतो, 'आई, झाड तुझ्याच अंगावर पडन एक दिवस. पोळा झाला का झाड कापाले आरावाल्याले बोलावतो.' पोटच्या पोराचाही मला भरवसा नाही. त्याला वरती खोली काढायची आहे, आणि फांदी आडवी येते.

तू रत्नागिरीला बंगल्यांतली जुनी झाडं सांभाळतोस असं कानावर आलं. समुद्राकाठी म्हणे चार महिने आभाळ फाटलेलं असतं. तेवढ्या पाण्यात तिकडची झाडं जगतात, मग आपला आंबा इकडच्या पावसात काऊन सडावा? आम्ही तर त्याला काही कमी केलं नाही. तलावाचा गाळ आणून बुडाशी घातला, धानाच्या बांधीसारखी गोल पाळ बांधली, पाणी साचून राहावं म्हणून. दर साली पाळ मी स्वतः नीट करते. दिवाळीला चुना-गेरू लावते. तेव्हा दोष आमचा नाही. हिंगावर काय उतारा असतो तेवढा लिही.

बाकी जुनं काही काढायचं नाही.

वच्छला वहिनी


आमगाव
२८ जुलै २०२५

चि. लीलाधरला आशीर्वाद.

तुझं उत्तर पोचलं. तेही पोस्टकार्डावर! म्हणजे पोस्टमनने वाचलं, नीतूने वाचलं, शेजारणीनेही वाचलं असेल. आणि लिहिलंस काय, तर तीन ओळी. 'स्पोकचं टोक वाकडं आहे का पाहा. असेल तर चुन्नीलालला चहा पाज. आणि आधी ती बांधी फोड वहिनी, आंबा म्हणजे धान नाही.'

ना नमस्कार, ना खुशाली.

स्पोक मी पुरावा म्हणून तांदळाच्या कोठीत लपवला होता. काढून पाहिला. टोक वाकडं आहे, मासोळीच्या गळासारखं. मग? टोक वाकडं दिसलं की चहा पाजायचा, ही कुठली रीत? आणि एवढ्या दूर बसून ते वाकडं आहे हे तुला कसं कळलं? चुन्नीलाल तुला फोन करतो, हो ना? तुम्हा दोघांचं काय शिजून राहिलं आहे?

बांधी मी फोडणार नाही. 'आंबा म्हणजे धान नाही' हे तू तेव्हाही म्हणाला होतास, मी विसरले नाही. झाडाचं पाणी तोडायचं, झाड मेलं की मग... जाऊ दे. जुनं काढायचं नाही असं मीच लिहिलं होतं.

येत्या रविवारी, तीन तारखेला, मोहल्ल्यातल्या माणसांना अंगणात बसवणार आहे. चुन्नीलालला सगळ्यांसमोर विचारते. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे.

वहिनी


आमगाव
५ ऑगस्ट २०२५

लीलाधर,

आशीर्वाद लिहायला हात उचलला नाही. तो द्यायचा माझा हक्क उरला का, ते पत्र वाचून तू ठरव.

बैठक झाली. ताडपत्री बांधली होती, आठ-दहा माणसं आली. मी स्पोक मधोमध टाकला आणि म्हटलं, 'बोल चुन्नीलाल, हा कोणाचा?'

'मेरा है, भाभी.'

ना लाजला, ना घाबरला. मी सगळ्यांकडे पाहून म्हटलं, घ्या, कबूल झाला! तो उठला. स्पोक उचलून घोट्याभर पाण्यात बांधीत उतरला आणि स्पोक भोकात घालून फिरवायला लागला. मग हळूच ओढला. टोकाला अळी आली. करंगळीएवढी जाड, पांढरी, तोंड काळं, अजून वळवळत होती. बाया ओरडल्याच. त्याने दुसऱ्या भोकातून दुसरी काढली, पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबला आणि वरून चिखल लिंपला.

म्हणाला, 'तुम्ही रोवणीले गेल्या तवा भिंतीवरून उतरून दोन काढल्या होत्या. पाणी आलं अन् स्पोक इथंच राहिला. तुमच्यासमोर कराची हिंमत नवती. लीलाधरचं काय झालं, ते म्या पाहेलं आहे.'

बसलेल्यांतले निम्मे सासूबाईंच्या तेरवीला होते.

आता लिहितेच. त्या तेरवीच्या सकाळी तू असाच वाकडा स्पोक घेऊन बुंध्याशी बसला होतास. मी पाहिलं आणि मनात पक्कं केलं, हा झाड मारून राहिला आहे, झाड गेलं की अंगणात हिस्सा मागेल. पंगत बसली होती. सगळ्या सोयऱ्यांसमोर मी ते बोलले. तू म्हणत राहिलास, 'वहिनी, किडा आहे, किडा.' चुन्नीलालही मध्ये बोलायला आला. मी म्हटलं, तुम्ही दोघं मिळालेले आहात. तू ताटावरून उठलास, आणि दारातून सांगून गेलास की बुडाशी पाणी साचू देऊ नको, आंबा म्हणजे धान नाही.

म्हणूनच मी बांधी केली, लीलाधर. त्याच आठवड्यात. तू नको म्हणालास म्हणून मुद्दाम केली.

काल फोडली. कोणाला हात लावू दिला नाही, कुदळ मीच मारली. बारा वर्षांचा गाळ बाजूला केला तर खालची साल हातात सुटून आली. सडून काळी पडलेली, आंबलेल्या पेजेसारखा वास. भिंतीकडची बाजू पोकळ झाली आहे. घराकडच्या बाजूला नखाने खरवडून पाहिलं, तिथे अजून हिरवं आहे. किड्याने जेवढं खाल्लं नाही तेवढं मी बुडवून मारलं.

आणखी एक आहे. ते लिहावं लागू नये म्हणून हे सगळं लांबवत होते.

त्या तेरवीनंतर काही वर्षांनी तुझा भाऊ गेला, तेव्हा शेवटचे दोन दिवस तुझंच नाव घेऊन राहिला होता. 'लीलाधरले बोलाव.' म्या फोन कानाले लावला अन् म्हटलं, लागून नाही राहिला. म्या लावलाच नवता रे. मले वाटलं, तू येशील, मरता मरता हिश्श्याच्या कागदावर त्याचा अंगठा घेशील. जाणाऱ्या माणसाले म्या खोटं सांगितलं अन् तो दाराकडे पाहात गेला. तुले चुन्नीलालनं कळवलं. तू आला, मातीले खांदा देला, पाण्याचा घोट न घेता गेला. तवा मले बरं वाटलं होतं, गेला एकदाचा म्हणून. त्या बरं वाटण्याची आता मले लाज वाटते. झोप येत नाही.

उमेंद्र पोळ्यापर्यंत थांबायला तयार झाला आहे. चुन्नीलाल म्हणतो, वरचं ओझं उतरवलं तर झाड वाचेल, पण कोणती फांदी काढायची आणि कोणती ठेवायची ते आपल्याला नाही कळत, लीलाधरच सांगेल. मी त्याला चहा पाजला. दोन कप प्यायला, आणि साखर कमी आहे म्हणाला.

तू येशील का? झाडासाठी ये. झाड तोवर पडलं, तरी ये. त्या पंगतीतली जेवढी माणसं जिवंत आहेत तेवढ्यांना मी जेवायला बोलावणार आहे, आणि तुझं ताट वाढल्यावर, कोणी घास उचलायच्या आधी, हे सगळं त्यांच्यासमोर बोलणार आहे. जसं तेव्हा बोलले होते, तेवढ्याच मोठ्याने.

पाकीट चिकटवलेलं नाही. नीतूच्या हाती देऊन राहिले आहे, पोस्टात टाकायला. वाटेत वाचलं तर वाचू दे.

भरल्या ताटावरून तुला उठवणारी,
वच्छला