भावाने दिलेली मॅग्नम

शुक्रवार संध्याकाळ, नईम भागातली माझी खोली

अबू खालिद यांच्या शिकारीच्या रायफलीचा नेम आज अखेर जमला. मग घरी आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर का नाही?

नेमबाजीच्या रेंजवर त्यांच्या बंदुका मीच बघतो. वारलेल्या थोरल्या भावाने दिलेली ही मॅग्नम रायफल घेऊन त्यांना मुलासोबत, खालिदसोबत, आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला जायचं होतं, म्हणून जड गोळ्याच हव्या होत्या. पण जड गोळी लांब असते, आणि त्या नळीतले आटे तिला पुरेशी गिरकी देत नव्हते. गोळी आडवी व्हायची, कागदावर लांबट भोक पडायचं. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, "नळी बदलू या."

"भावाची नळी? मफी, नाही बदलायची," ते म्हणाले.

वर्षभर वेगवेगळ्या गोळ्या आणल्या. दर वेळी तेच लांबट भोक. शेवटी कंटाळून हो म्हणाले.

आज नव्या नळीतून मी तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं गोल, एकमेकांना चिकटलेली! रायफल त्यांच्यापुढे धरली, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"इरफान, मध्यंतरी खांद्याचं ऑपरेशन झालं ना. डॉक्टर म्हणतात, बंदुकीचा धक्का आता सोसणार नाही. आफ्रिका खलास."

"खालिद जाईल की."

"तो माझ्यासाठी येत होता." मग कागदाकडे बघत म्हणाले, "तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

आपलं म्हणणं बरोबर ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.