बसच्या वचनावर सही नाही

मी, लोर्ना हॉगेन, अर्विडची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार डुलूथ, मिनेसोटा, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळायला यावं.

एक. घर आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता एक मुलगा डेल याला. छप्पर गळतं, कुरकुर चालणार नाही.

दोन. मासे पकडायला गोठलेल्या तळ्याच्या बर्फात भोक पाडायचं अर्विडचं गिरमिट शेजारच्या वेंडेलला. तसंही ते त्याच्याच गॅरेजमध्ये पडलंय.

तीन. लोकरी कोट तेरेसा ओक्विस्टला द्यायचा होता. डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण करणाऱ्या बससाठी ती देणग्या गोळा करते. पण देणगीदाराकडून भेट घेणं संस्थेच्या नियमात बसत नाही म्हणे. घ्या! ही बाई अशीच. संस्थेच्या देणगीसाठीच्या मेजवानीत अख्ख्या टेबलाच्या जागा मी घेतल्या आणि पैसे आमच्या दाननिधीतून घे म्हटलं, तर भर लोकांत म्हणाली, "लोर्नाबाई, निधीतून दान होतं. मासा तुम्ही खाणार, तर पैसे पर्समधून काढा." वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. कोट चर्चला द्या.

चार. तो दाननिधी. अर्विडने आणि मी तो हयातीतच एका न्यासाला देऊन टाकला, करसवलतही तेव्हाच घेतली. त्यामुळे तो मृत्युपत्रात वाटता येत नाही. कुणाला द्यावा हे सुचवायचा हक्क तेवढा माझा. माझ्यामागे तो हक्क डेलचा, तशी नोंद न्यासाकडे केली आहे.

नवी बस या निधीतून व्हावी असं मी तेरेसाला सांगितलंय. लेखी वचन द्यायला पेन काढलं, तर तिने हात धरला. "सही करू नका. केलीत तर ते तुमचं स्वतःचं देणं होईल, आणि तुमचं देणं निधीतून फेडता येत नाही. नुसता मानस सांगा." म्हणून कागद नाही. जुनी बस या हिवाळ्यात दोनदा रस्त्यात बंद पडली, आत माणसं गारठत बसली होती.

डेल फोनवर म्हणाला, "आई, सही नाही ना? मग सोड की!"

डेल, बाळा, तुझे वडील डायलिसिसहून त्या बसमधून शेवटचे घरी आले, तेव्हा तू म्हणाला होतास, "रविवारी येतो." त्यावरही कुणी तुझी सही घेतली नव्हती. त्या रविवारी ते दिवसभर दारापाशी खुर्ची ओढून बसले होते. तो राग मी इथेच सोडते, खरंच सोडते. पण या वेळी ये, बसचा शब्द पाळायला.

हे सर्व वाचून, समजून खाली सही केली.

लोर्ना हॉगेन
साक्षीदार: मार्लिस ट्वेट, गॉर्डन पेल्टियर
डुलूथ, ११ मार्च २०२४