विसाव्यावर थांबू नये

मी, भिकाजी परशुराम पराडकर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा सुतारकाम व सिनेमात मरणे, राहणार खालचीवाडी, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आज डोके ठिकाणावर असताना, कोणी मागे लागलेले नसताना आणि चहाखेरीज काहीही प्यालेलो नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सिनेमात दोनदा केले आहे, ते धरू नये.

येत्या गुरुवारी बांद्याच्या पलीकडे, गोव्यातल्या एका इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. हे वाक्य मी नऊ सिनेमांत ऐकले आहे आणि नऊही वेळा पुढच्याच प्रसंगात मी तिरडीवर होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते मला मान्य आहे. पण ब्रह्मराक्षसाने गुरुवारची तारीख दिलेली नसते, इस्पितळाने दिलेली आहे.

कलम १. राहते घर, मागची पडवी, विहीर आणि घराभोवतीची माडांची बाग ही माझी पत्नी सौ. सावित्री हिची. ती असेपर्यंत कोणी वाटणीचे नावही काढू नये. तिच्यानंतर सगळे मुलगी अपेक्षा हिचे. बँकेत जे काही आहे त्यावर सावित्रीचे नाव आधीच लागलेले आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे वाकस, रंधे, पटाशा आणि वडिलांच्या हातची मोठी करवत, अपेक्षाची. ती मुंबईत कॉम्प्युटरवर काम करते, तिथे वाकसाचा उपयोग नाही हे मला कळते. पण गणपतीत मूर्तीवरची माटी, म्हणजे फळापानांची चौकट, बांधायला अजून तीच चढते, आणि जावईबापू खाली उभे राहून शिडी धरतात. हत्यार ज्याच्या हाती शोभते त्याचे असावे. जावयांनी वाईट वाटून घेऊ नये, शिडी त्यांना दिली आहे.

कलम ३. हे लांबेल. वकील म्हणाले, थोडक्यात लिहा. पण हे मृत्युपत्र कोर्टात गेले आणि तिथल्या साहेबांनी आमचे सिनेमे पाहिलेले नसले, तर पुढचे काहीच त्यांना कळणार नाही.

नांदगावचा कौस्तुभ हा लग्नाच्या शूटिंगची कामे करणारा मुलगा. त्याने सतरा-अठरा वर्षांपूर्वी आमच्या वाडीत पहिला सिनेमा काढला. त्यातल्या गावाचे नाव आडबंदर. पुढचे सगळे सिनेमे त्याच आडबंदरात घडले आणि माणसेही तीच राहिली. पहिल्या सिनेमात गाभण असलेली म्हैस दुसऱ्यात व्याली. तिसऱ्यात लग्नाच्या मांडवातून पळालेली नवरी पाचव्यात स्टँडवर चहाचे दुकान चालवते, आणि सातव्यात तो सोडलेला नवरा तिथे उधारीवर चहा पितो. प्रेक्षकांना आता आडबंदर आपल्या गावापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या गावात मी आपा कोयंडे. मी दर सिनेमात मरतो.

आणि दर सिनेमात उठतो. हे कौस्तुभने लिहिलेले नव्हते. पहिल्या सिनेमात आपाने सरळ मरायचे होते. तिरडी काजूच्या झाडाखालून पुढे न्यायची, एवढेच कागदावर होते. पण खांद्याला नट नव्हते, आमच्याच वाडीतली माणसे होती आणि ते झाड म्हणजे आमची विसाव्याची जागा. घर आणि स्मशान यांच्या मध्ये तिरडी तिथे टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, मग उचलायची. आमच्या वाडीतली एकही तिरडी आजवर त्या झाडाखालून न टेकता गेलेली नाही. कौस्तुभ ओरडत राहिला, चला, चला, आणि यांनी मला रीतसर खाली ठेवले. नेमके मुंग्यांच्या वारुळावर. मी ताडकन उठून बसलो. शॉट वाया जाऊ नये म्हणून तोंडाला आले ते बोललो, “इतक्यात दमलास?” सगळी वाडी हसून आडवी झाली. कौस्तुभने तेच ठेवले, आणि तेव्हापासून आडबंदरात कोणी मरत नाही असा नियम झाला.

त्या नियमाने मला नाव मिळवून दिले. लग्नात माझ्यासोबत फोटो काढायला रांग लागते. विजयदुर्गाच्या जत्रेत एका म्हातारीने माझ्या पाया पडून सांगितले की तिचा घोव गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली ती माझ्या तिरडीला. याबद्दल माझी तक्रार नाही, आणि कौस्तुभने हे वाचून तोंड पाडू नये.

कलम ४. गणपती गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी, मालवणच्या आठवडी बाजारात, सुके बांगडे घेताना माझ्या छातीत कळ आली आणि मी नारळांच्या ढिगावर पडलो.

लोक जमले. कोणी तरी ओरडले, आपा मेलो, आणि हशा झाला. मोबाईल वर झाले. मी म्हणालो, माझ्या खरेच छातीत दुखते आहे. आपाही दर वेळी मरताना हेच म्हणतो, त्यामुळे हशा वाढला. एका बाईने फुलवालीकडून झेंडूचे फूल घेऊन माझ्या पोटावर ठेवले. ती वाईट बाई नव्हे, कौतुकानेच ठेवले. मी हात वर केला तर टाळ्या पडल्या. मग सगळे गप्प झाले आणि वाट बघू लागले. ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. मी उठण्याआधी थिएटरात अशीच शांतता होते. कोणी तरी प्रेमाने म्हणाले, “इसावो झालो आपा, उठा आता.”

मला उठता येत नव्हते. इतकी माणसे मला जीव लावून उभी होती आणि त्यांतल्या एकालाही मी मरतो आहे हे पटत नव्हते. त्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही. गुरुवारी भूल देणारे डॉक्टर मराठी सिनेमे बघणारे निघाले तर काय, असेही मनात येते. सावित्री म्हणते, ते गोव्याचे आहेत, नसतील बघत. मला त्याने बरे वाटते.

कलम ५. हे कलम माझा भाऊबंद व शेजारी गुरुदास पराडकर याच्या तीर्थरूपांविषयी होते. वकिलांनी काढायला लावले. नंबर तेवढा राहू दिला आहे.

कलम ६. सदर गुरुदास आणि मी यांच्यामधल्या दगडी गडग्यावर एक कापा फणस आहे. बुंधा अर्धा माझ्याकडे, अर्धा त्याच्याकडे. पहिल्या सिनेमाच्या वेळी उजेड यावा म्हणून कौस्तुभच्या माणसांनी त्याची एक फांदी तोडली, ती गुरुदासच्या बाजूची निघाली. त्याने देवळात शपथ घेतली की भिकाजीशी बोलणार नाही आणि त्याचा एकही सिनेमा डोळ्यांनी बघणार नाही. दोन्ही शपथा त्याने इतकी वर्षे पाळल्या. आमच्याकडची माणसे दुसरे काही न पाळोत, अबोला नीट पाळतात.

त्या सोमवारी तो मासळीवाल्यांना बर्फ टाकायला टेम्पो घेऊन बाजारात आला होता. गर्दी बघून आत शिरला. त्याने आपा कोयंडेला कधी पाहिलेलेच नव्हते. त्याला फक्त मी दिसलो. तो म्हणाला,

“माणूस मरता हयसर, हसतास कित्याक? सरा बाजूक.”

त्याने मला उचलून बर्फाच्या लाद्यांवर गोणपाट घालून निजवले. पाठीला गार लागले तेव्हा मला वाटले, आटोपले, आपल्याला ठेवले बर्फावर. पण सरकारी दवाखाना येईपर्यंत गुरुदास त्या फांदीवरून मला शिव्या घालत होता, त्यावरून मी जिवंत असल्याची खात्री पटत गेली.

म्हणून फणसाचा माझा अर्धा हिस्सा त्याला द्यायचे मी ठरवले होते. शिवाय या मृत्युपत्राला साक्षीदारही तोच हवा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्यालाच साक्षीला घेतले तर उद्या कोणी शंका काढील. एक तर फणस द्या, नाही तर सही घ्या. मी गुरुदासला बोलावून पडवीत बसवले आणि दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या. तो म्हणाला,

“फणस ऱ्हवांदे तुझ्या चेडवाक. मी सही करतंय. तुझ्या कागदार एक तरी न हसणारो माणूस होयो.”

सबब फणसाचा माझा हिस्सा अपेक्षाचा. फळे गुरुदासच्या अंगणात पडतात ती त्यानेच उचलावीत. हे दान नव्हे, उतार तिकडे आहे.

कलम ७. आपा कोयंडे या पात्राविषयी. बाजारातली बातमी ऐकून कौस्तुभ दवाखान्यात आला. रडला, पाय दाबले, आणि निघताना म्हणाला की काळजी करू नका, काही झालेच तर हल्ली कॉम्प्युटरने दुसऱ्याच्या अंगावर तुमचा चेहरा बसवता येतो. त्याने धीर द्यायलाच सांगितले हे मी जाणतो. मला मात्र झोप येईना.

माझा चेहरा माझ्यासोबत जाळावा. तो कोणालाही लावू नये. आपा आडबंदरचा आहे, त्याला तिथे जिवंत राहू द्यावे. दुसरा कोणी तरी हाडामांसाचा माणूस घ्या आणि त्याला तिरडीवर श्वास कसा रोखायचा ते कौस्तुभने शिकवावे, मी त्याला शिकवून ठेवले आहे. एकच अट. पुढच्या सिनेमात आपा पडेल तेव्हा कोणी तरी एकाने आधी धावत यावे, नाडी बघावी, गाडी बोलवावी. मग खुशाल हसा. एका माणसाच्या धावण्याने विनोद मरत नाही, आणि मेला तर मरू दे.

सिनेमातली तिरडी मी स्वतः बांधलेली आहे. तिला आतून गादी आहे आणि उठायला सोपे जावे म्हणून डाव्या बाजूचा सांधा ढिला ठेवला आहे. घाईगडबडीत ती माझ्यासाठी आणू नये. मी उलटा पडेन.

कलम ८. हे कलम सावित्रीचे. बाकीच्यांनी वाचले तरी चालेल.

मी दवाखान्यातून घरी आल्यावर मेथीची भाजी निवडता निवडता ती मान वर न करता म्हणाली,

“तुमका भायर काढतीत, आणि मी मात तुमी कधी उठतास तां बघीत बसान.”

नऊही सिनेमे तिने पहिल्या रांगेत बसून पाहिले आहेत, आणि नऊही वेळा मी उठेपर्यंत पदर तोंडात धरला आहे. उठल्यावर सगळे हसतात. ती हसत नाही, ती सुटकेचा श्वास टाकते. तो मला पडद्यामागे उभे राहून ऐकू यायचा.

म्हणून माझी शेवटची इच्छा अशी की, माझी तिरडी विसाव्यावर टेकवू नये. काजूच्या झाडाखालून ती सरळ पुढे न्यावी. भटजी कुरकुरतील, जुने लोक म्हणतील की आत्म्याला विसावा मिळाला नाही. मला विसावा नको. तिथे टेकवलात की सगळी वाडी गप्प होईल, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागतील, आणि कोणाला तरी हसू फुटेल. त्यात कोणाचा दोष नाही, मीच त्यांना तशी सवय लावली आहे. पण त्या गप्प बसण्यात माझी बायको उभी असेल. तिला तेवढ्या वेळात आशा वाटेल. ती मला सहन होणार नाही, मेल्यावरसुद्धा.

खांदेकरी आठ घ्यावेत, म्हणजे चालता चालता जागा बदलता येतील. मी वजनाने फार नाही. गुरुदासने पुढे डाव्या बाजूला राहावे आणि कोणी थांबू लागला तर त्याला शिव्या द्याव्यात. त्याला त्या येतात.

सावित्री, मी उठणार नाही. हे मी शुद्धीत लिहितो आहे. तू वाट बघू नकोस. घरी जा, चूल पेटव, अपेक्षाला जेवायला वाढ.

गुरुवारी सगळे नीट झाले तर हा कागद कपाटात राहील आणि मी चारचौघांसारखा पुढे कधी तरी मरेन. तेव्हाही हेच लागू.

वकिलांनी सांगितल्यावरून डॉ. तेजस्वी यांना दाखल्यासाठी बोलावले. त्यांनी मला वार, महिना आणि घरातल्या माणसांची नावे विचारली. प्रत्येक उत्तराला त्यांना हसू येत होते. शाळेत असताना त्यांनी स्नेहसंमेलनात आपा केला होता, असे नंतर कळले. त्यांनी माफी मागितली, मीही राग धरला नाही. पण सही करायच्या वेळी मी त्यांच्याकडे बघणार नाही, गुरुदासकडे बघून सही करीन.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, सावित्रीला वाचून दाखवले, आणि माझ्या मनात होते तेच यात उतरले आहे.

ठिकाण: खालचीवाडी, ता. मालवण
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) भिकाजी परशुराम पराडकर

साक्षीदार:

१. श्री. पराडकर यांनी माझ्यासमक्ष सही केली. ते पूर्ण शुद्धीत असून त्यांना आपण काय लिहिले आहे याची जाणीव आहे.
(सही) डॉ. तेजस्वी

२. भिकाजीने माझ्यासमोर सही केली. तो खराच घाबरलेला आहे. सोंग नाही.
(सही) गुरुदास पराडकर