घरकुलाच्या फोटोतली भिंत

बाबा, मला तुमचा राग आलाय, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाल्यावर तो काढतेय हेही कळतंय. आई चहा गाळायची तेव्हा खिडकीतली तिरीप वाफेत शिरायची आणि मी बघत उभी राहायची. "बघून पोट भरतं का? दप्तर भर," तुम्ही ओरडायचात, कारण तुम्हाला डहाणूच्या कचेरीत साहेबांच्या आधी पोचायचं असायचं. मीही तशीच झाले. ग्रामसेविका, सतत घड्याळाकडे नजर.

२०१७ ची मार्चअखेर. कैनाडकडच्या एका पाड्यावर घरकुलासाठी कच्च्या घरांचे फोटो काढतेय, दुपारच्या आत चौदा घरं. नवव्या घरापाशी थबकते. कुडाची भिंत नुकतीच शेणाने सारवलेली, अजून ओली. घरातल्या बाईची बोटं जमिनीपासून वळचणीपर्यंत अर्धगोल फिरलेली, एकात एक, कुठेही न तुटता. खाली गेरूची पट्टी. तिरप्या उन्हात प्रत्येक रेघेला स्वतःची सावली. बाबा, मी हातातला फोन खाली केला आणि नुसती बघत राहिले. इतकं सुंदर काही मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

फोटो पाठवला आणि लगेच तालुक्याहून साहेबांचा फोन. "मॅडम, हे घर कच्चं वाटतंय का? केस परत येईल. भिंत खराब दाखवा." खराब दाखवा! जन्मात कधी शेणाला हात न लावलेला माणूस पंख्याखाली बसून मला हे सांगतो, आणि माझ्या तोंडून काय निघतं? "हो सर." तुमचंच ते "हो सर", बाबा. घरकुल नाकारलं गेलं असतं तर पावसाळ्यात ती बाई गळक्या छपराखालीच राहिली असती, हे खरं. पण एकदा तरी साहेबांना उलट विचारायला काय झालं होतं मला?

तिला म्हटलं, भिंत खरवडावी लागेल. ती खुरपं घेऊन आली आणि स्वतःच खरवडायला लागली. ओलं लिंपण तिच्या पायांवर पडत होतं. मग थांबून म्हणाली, "फोटू काढनार सांगला, म्हनून सारवला. बरा नाय झाला का, बाय?"

घरकुल मंजूर झालं. आता तिथे सिमेंटची भिंत आहे. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, पण तुम्ही असतात तरी दिलं नसतं. तुम्हाला आणि साहेबांना इतकं बोलून झालं, तरी तिला उत्तर मीच दिलं होतं. पाच घरं उरली होती, समजावत बसायला वेळ नव्हता. मी म्हणाले, "नाही, बरं नाही झालं."