थर्माकोलची सवत

मधुमिताच्या अप्पांस,

हवाई तळावर चालून येणारे थर्माकोलचे ड्रोन आवाजावरून ओळखणं हे तुमचं काम, ठाऊक आहे मला. पण माझ्या साडीहून स्वस्त त्या सवतीची घरघर तुम्हाला लांबून कळते, आणि शेजारी बसून मी हाका मारल्या तरी तुम्ही 'हं' म्हणत नाही!

सुट्टीत आलात तेव्हा गोविंदपुरम्‌च्या लग्नात व्हिडिओवाल्याने ड्रोन उडवला. तुम्ही मला खाली पाडून अंगाने झाकलंत. सगळा मांडव हसला. तुम्ही शरमेने सुट्टी संपण्याआधीच तळावर परत गेलात.

मी नाही लाजले. इतकं घट्ट तुम्ही मला कधी धरलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मधूचे कान टोचायचेत. तोच व्हिडिओवाला सांगून ठेवलाय. तुम्हाला कळायला नको, म्हणून हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील.

सवतीवर जळणारी,
कामाक्षी
कुंभकोणम्