नंबराला भाग जात नाही

बेसा, नागपूर

तीर्थस्वरूप रामाजीदादांना धाकट्या बाबारावचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल, वहिनींचा खोकलाही गेला असेल, असे धरून चालतो. कारण मी इतका तापलो आहे की चौकशीसुद्धा नीट करवत नाही. (फोन केला नाही, कारण अपमान फोनच्या नंबराचाच झाला आहे. तो त्याच्याच तोंडून सांगणे बरे दिसत नाही.)

तुम्ही आमच्या मिनलसाठी सुचवलेल्या स्थळाचे, लकडगंजचे गोपाळराव रविवारी बायकोला आणि मुलाला, रोहितला, घेऊन आले. माणसे चांगली, पोहे दोनदा घेतले. मिनल आणि रोहित गच्चीवरून हसतच खाली आले. सगळे जमत आले होते. तेवढ्यात गोपाळरावांनी मिनलचा बायोडाटा उचलला आणि खाली लिहिलेल्या माझ्या मोबाइल नंबराचे आकडे, शेवटी एकच आकडा उरेपर्यंत, बोटांवर मिळवू लागले. त्यांच्याकडे म्हणे गाडी, दुकान, फोन, सगळ्यांची टोटल नऊ. माझी आली दोन. त्यांचा चेहराच पडला.

आता दादा, मी गप्प बसायचे? मी समजावले, की ज्या संख्येची टोटल नऊ, तिला नवाने भाग जातो, तीनानेही जातो. कोणीही यावे आणि वाटून न्यावे, त्यात कसले शुभ? माझा नंबर मूळ संख्या आहे. एक आणि तो स्वतः, याखेरीज त्याला कोणाचाही भाग जात नाही. रिटायर झाल्यावर मी हाताने भागाकार करून पाहिले आहेत (कॅल्क्युलेटरवर माझा विश्वास नाही). तीनशेपर्यंत गेलो, पुढे नंबराचा स्वभावच कळला. अशी दहा आकडी मूळ संख्या खिशात घेऊन फिरणारे अख्ख्या बेसात किती निघतील? तर गोपाळराव बायकोकडे पाहत म्हणाले, "म्हंजे याचं कोनाशीच जमत नाही म्हना. पोरगीबी अशीच असन तं कसं करावं जी?" आणि नंबर बदला, मग पुढचे बोलू, असे सांगून उठले. भागाकार आणि भांडण यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने माझ्या घराचा स्वभाव ठरवावा! नंबर बदलणार नाही. वरात दारातून परत गेली तरी नाही. हे त्यांना माझ्याच शब्दांत कळवा.

आपला संतापलेला,
बाबाराव

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी मिनलने पत्र वाचले. म्हणाली, सातने भाग जातो. तिथल्या तिथे मांडून पाहिला. जातो, बाकी शून्य. मागे मी हातचा विसरलो होतो. मी विचारले, आधी का नाही बोललीस? तर म्हणते, "बाबा, मले कधीचंच माहीत होतं. तुमी इतक्या खुशीत सांगून राहिले होते, मी काहून मोडू?"  आणि रोहितचे नाव निघाले तेव्हा ती उठून आत गेली, हेही मी पाहिले.

ता. क. दुसरा. वरचे काहीच कळवू नका. गोपाळरावांना पत्र मिळताच जाऊन सांगा, की भाग जातो. नंबरही बदलतो, नऊवाला तुम्हीच निवडा, माझ्याने निवडवणार नाही. पण सगळ्यांत आधी एवढे सांगा, की पोरगी बापावर गेलेली नाही.